कयाक आणि जीपीएस: साताऱ्याहून समुद्रावर निघालेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही साताऱ्याचे आठजण. रविवारी कण्हेरच्या नाहीतर बामणोलीच्या पाण्यात वल्हं मारतो आणि वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा होळीच्या आधी, कयाक, म्हणजे वल्ह्यानं हाकायच्या लांबट होड्या, गाडीच्या टपावर आवळून कोकणात दापोलीजवळ हर्णैला समुद्रावर जातो. नवीन येणारे, त्यांच्या बायका, आया आणि एक सासरे फोन करकरून तेच ते प्रश्न विचारतात. दहातले आठ प्रश्न पोहण्याचे नसतात, फोनचे असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. आता फोन करू नका, घाटात रेंज नसते.

साताऱ्यात समुद्र कुठाय?

नाही. म्हणून तर ही सगळी पंचाईत. सातारकर समुद्राकडे रस्त्याच्या नजरेनं बघतो. आपल्याला लहानपणापासून सवय काय, तर कुठल्याही बोळात चुकलो की मान वर करायची, अजिंक्यतारा दिसला की घर सापडलं. समुद्रावर मान वर केली की आभाळ दिसतं. मग माणूस मान खाली घालतो आणि फोन बघतो.

नेहमीचं नकाशाचं ॲप समुद्रात चालतं का?

चालतं. म्हणजे निळ्या रंगात एक ठिपका दाखवतं आणि गप्प बसतं. त्याला रस्ते कळतात, पाणी कळत नाही. बामणोलीहून तापोळ्याला वल्हवत जाताना आमच्यातल्या एकानं ॲपवर ‘तापोळा’ टाकलं, तर ॲप आम्हाला पाण्याबाहेर काढून डांबरी रस्त्यावर घालायला निघालं. भर शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, ॲपमधली बाई मराठीत म्हणाली, “शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या.” आमचे आण्णा तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. ते तिला म्हणाले, “बाई, हितं दुभाजकच न्हाई. कुठनंबी घेतो.”

यावर हसून झालं असेल तर हे वाचा. २०१२ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ तिघा जपानी विद्यार्थ्यांनी नेव्हिगेशनच्या सांगण्यावरून भाड्याची मोटार थेट खाडीत घातली. पलीकडे बेट होतं, त्यांना तिथं जायचं होतं, आणि यंत्राच्या हिशेबी मधे रस्ता होता. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता, त्यामुळे काही अंतर गाडी गेलीही. मग चाकं रुतली आणि भरती आली. पोरं सुखरूप बाहेर आली, गाडी पाण्यात राहिली. त्यांच्याकडे निदान गाडीचा टप होता उभं राहायला.

मग जीपीएस बिनकामाचं का?

असं कोण म्हणालं? जीपीएस वेगळं, नकाशा वेगळा आणि त्यात बोलणारी बाई वेगळी. या तिघांची गल्लत होते आणि मग कुणावर चिडावं तेच कळत नाही.

साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून दोन डझनांहून जास्त उपग्रह सारखी आपापली वेळ आणि जागा सांगत फिरत असतात. तुमचा फोन ते नुसता ऐकतो. कुठल्या उपग्रहाचं बोलणं पोचायला किती उशीर झाला त्यावरून तो आपली जागा काढतो, आणि त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. याला इंटरनेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला, म्हणून ते निघण्याआधी लॉजवरच उतरवून ठेवा. अमेरिकेनं मे २००० पर्यंत साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम गडबड घालून ठेवली होती, चूक शंभर मीटरपर्यंत जायची. आता उघड्या आभाळाखाली फोन साधारण पाच मीटरच्या आत सांगतो. आपली समुद्री कयाकही जवळपास तेवढीच लांब असते. म्हणजे होडीभर चूक. त्यापुढची सगळी चूक माणूस करतो.

भारताची स्वतःची यंत्रणा इस्रोची, तिचं नाव ‘नाविक’. नव्या बऱ्याच फोनांत ती असते. आमच्या ग्रुपमध्ये म्हण झालीय: नाविक फोनमध्ये बसलाय, होडीत कोणी नाही.

बाण दाखवतो तिकडं वल्हं मारत राहिलो तर पोचणारच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर आम्ही हर्णैला भर उन्हात शिकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हर्णैसमोरचा समुद्रातला किल्ला सुवर्णदुर्ग बाहेरून बघून आम्ही शेजारच्या मुरूडच्या पुळणीकडे परत निघालो होतो. अंतर तीनेक किलोमीटर. दुपार झालेली, वारा उठलेला आणि पाणी आम्हाला डावीकडे, उत्तरेला ओढत होतं. आमच्यातल्या इंजिनियरनं सकाळी निघतानाच लॉजसमोरची जागा यंत्रात साठवून ठेवली होती. डेकवर प्लास्टिकच्या पाकिटात फोन, त्यावर हिरवा बाण. तो बाणाकडे नाक करून वल्हवायला लागला. वाऱ्यानं आणि पाण्यानं त्याला डावीकडे ढकललं, तसा बाण थोडा उजवीकडे वळला. यानंही नाक वळवलं. पुन्हा ढकलला, पुन्हा बाण वळला. बाण एकदाही खोटं बोलला नाही. दर क्षणाला तो अगदी बरोबर सांगत होता की लॉज त्या तिकडं आहे. पण लॉज ज्या दिशेला आहे त्या दिशेला नाक करणं आणि लॉजला पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काही बाणावर लिहिलेलं नसतं. शेवटी शेवटी गडी सरळ दक्षिणेला तोंड करून पाण्याच्या उरावर वल्हं मारत होता. मधे एकदा वैतागून ओरडला, “आरं, बाण फिरतोय का मी फिरतोय?”

आण्णांकडे त्या दिवशी फोन नव्हता, तो चार्जिंगला विसरला होता. त्यांनी आदल्या संध्याकाळी बंदरावर एका नाखव्याला चहा पाजून एक गोष्ट विचारून घेतली होती. किनाऱ्यावरचा एक ठळक माड धरायचा आणि त्याच्या बरोबर मागं, डोंगरावर, दुसरी खूण धरायची. दोन्ही एका रेषेत ठेवायच्या. माड मागच्या खुणेच्या उजवीकडं सरकला की समजायचं आपण डावीकडं वाहावलो, मग उजवीकडं मारायचं. थोडक्यात, पुढची खूण पळेल तिच्या मागं पळायचं. होडीचं नाक भलतीकडंच असतं, लॉजकडे नसतंच, होडी मात्र खेकड्यासारखी तिरकी तिरकी सरळ रेषेत जाते. आण्णांनी मागची खूण कोणती धरली होती? मोबाईलचा टॉवर. आमच्या सगळ्या सहलींत टॉवरचा एवढा उपयोग झालेला तो एकच प्रसंग.

आण्णा सव्वा तासात लागले. इंजिनियर पावणेदोन तासांनी आला तेव्हा आण्णांची कांदाभजीची दुसरी प्लेट चालू होती. रात्री फोनवर त्यानं आपला माग दाखवला. अर्धी जिलबी.

यंत्र वापरूनही हे जमतं, नाही असं नाही. फक्त बाण बघायचा नाही. निघतानाची जागा आणि पोचायची जागा यांना जोडणारी रेघ बघायची आणि आपला ठिपका त्या रेघेवर ठेवायचा. इंजिनियर आता तसं करतो आणि वर आम्हालाच शिकवतो.

म्हणजे आण्णांचं ऐकायचं आणि फोन घरी ठेवायचा?

अजिबात नाही. डिसेंबरात बामणोलीला पहाटे धुकं होतं. आण्णा म्हणाले, ह्या पाण्याची आपल्याला सवय हाय, चला. वीसेक मिनिटांत समोरच्याच्या वल्ह्याचं पातंसुद्धा दिसेना. खूणच दिसत नसेल तर कुठली पुढची आणि कुठली मागची? तासभर वल्हवल्यावर काठ आला. आण्णांनी काठावर कपडे धुणाऱ्या मावशींना मोठ्या ऐटीत विचारलं, “तापोळं ना?” मावशी म्हणाल्या, “बामणोली. सकाळी हितनंच गेलासा न्हवं?” त्या दिवशी पिशवीतून फोन काढला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. तो काढायचा नाही हा आण्णांचाच हुकूम होता. हा किस्सा त्यांच्यासमोर काढू नका.

आकडे टाकून जागा शोधली तर चूक होत नाही ना?

आकड्यांनी जेवढी मोठी चूक होते तेवढी शब्दांनी होत नाही. हर्णैची जागा साधारण १७ अंश ४९ मिनिटं उत्तर, ७३ अंश ५ मिनिटं पूर्व. आमच्या एकानं ती यंत्रात १७.४९ आणि ७३.०५ अशी टाकली. मिनिटं साठ असतात, दशांश शंभराचे. १७ अंश ४९ मिनिटं म्हणजे १७.८२ च्या आसपास. या एका टिंबानं आमचं हर्णै छत्तीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकलं, म्हणजे गुहागरसमोर, आणि तेही गुहागरपासून चांगलं पंधरा किलोमीटर आत, समुद्रात. यंत्रानं तक्रार केली नाही. कयाक आहे म्हटल्यावर त्याला त्यात वावगं काय वाटणार?

शाळेत पावणेदोनला १.७५ म्हणायला शिकवतात, तेवढं आठवा.

मी चुकून ‘घर’ दाबलं. आता काय?

हर्णैहून सातारा सरळ रेषेत पंचाण्णव किलोमीटरच्या आसपास आहे. ताशी साडेपाचच्या वेगानं यंत्र तुम्हाला सतरा-साडेसतरा तास दाखवेल. मधे सह्याद्री आहे, तो यंत्र धरत नाही. रद्द करा.

फोन वॉटरप्रूफ आहे. मला पोहता येत नाही. चालेल ना?

फोनला पाठवा.

पाकिटातला फोन ओला झाला तर काय होतं?

खिशाशी संबंधित नुकसान सोडा, मुख्य त्रास वेगळाच आहे. फोनची काच बोटातली वीज ओळखते आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे लाटेचा प्रत्येक थेंब म्हणजे एक बोट. फोन स्वतःच नकाशा मोठा करतो, लहान करतो, खुणा पुसतो. एकाच्या फोननं अंजर्ल्यासमोर आपणहून सासूबाईंना फोन लावला. त्यांनी वीस मिनिटं पाण्याचे सपके आणि मधूनमधून “आई गं” एवढंच ऐकलं, आणि त्यांनी लेकीला माहेरी बोलावून घेतलं. बटणं असलेलं हातातलं जुनं यंत्र यासाठीच बरं. आणि वॉटरप्रूफपणाच्या चाचण्या गोड्या पाण्यात होतात, समुद्राचं मीठ चार्जिंगच्या खोबणीत काय करतं ते दुसऱ्या दिवशी कळतं.

उन्हात काच दिसत नाही, हे निराळंच.

मग साधं होकायंत्र ठेवावं का?

ठेवाच. आपल्याकडे सुई दाखवते ती उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांत नाव घेण्याजोगा फरक नाही, जेमतेम एखाद्या अंशाचा, तेव्हा गणित करत बसावं लागत नाही. फक्त त्याच्या शेजारी गाण्यांचा स्पीकर ठेवू नका. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. आमच्याकडे एकानं तसा ठेवला होता आणि अर्धा तास त्याची उत्तर दिशा गाण्याच्या बाजूला होती.

नकाशावर निळं आहे म्हणजे पाणी आहेच ना?

मे महिन्यात बामणोलीला या, दाखवतो. कोयनेच्या धरणात भरल्यावर शंभर टीएमसीच्या वर पाणी असतं, आणि उन्हाळ्यात ते उतरत उतरत जातं. नकाशा काढणाऱ्यानं जलाशय एकदाच निळा रंगवला आणि तो घरी गेला. ठिपका निळ्याच्या मधोमध, आणि आपण गुडघाभर चिखलात कयाक ओढतोय, असा फोटो आमच्याकडे आहे. शेजारून एक म्हैस कोरड्यातून चालत गेली. तिच्याकडे जीपीएस नव्हतं.

समुद्रावरही तेच, फक्त महिन्यांऐवजी तासांत. अंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. यंत्रातली सरळ रेघ त्याच्या डोक्यावरून जाते. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर धावतं, दुपारचा वारा समुद्राकडून आत येतो, आणि ही दोघं समोरासमोर आली की तिथं लाटा उभ्या राहून फुटतात. पडद्यावर मात्र सगळं शांत, निळं आणि सपाट. आम्ही तिथून एकदा गेलो. आमच्यातले तिघं उलटले, एकाची चप्पल अजून तिकडंच आहे. आता लांबचा वळसा घालतो आणि भरतीची वाट बघतो.

भरतीची वेळ कुठल्या ॲपवर बघता?

स्वयंपाकघरात दाराजवळ टांगलेल्या कॅलेंडरवर. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. सप्तमीला सव्वापाच. मग साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो म्हणून भरतीही तेवढी पुढं सरकते, त्याचंच हे ढोबळ गणित. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याची चढउतार मोठी आणि ओढही जोराची. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी मवाळ. नवशिक्यांना आम्ही अष्टमीच्या आगेमागेच नेतो. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघतोच, पण कोष्टक चुकीच्या बंदराचं उघडलंय हे पाऊणपटीनं लगेच कळतं.

इंजिनियरच्या आईला हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे उपास धरणाऱ्या बाईला भरती तोंडपाठ.” खरंय.

नवऱ्यानं लाइव्ह लोकेशन पाठवलंय. पाऊण तास झाला, ठिपका समुद्रात एकाच जागी आहे. काय समजू?

वहिनी, आधी पाणी प्या. त्याची जागा त्याच्या फोनला उपग्रहांवरून कळते, पण तुम्हाला कळवायला फोनला मोबाईलचा टॉवर लागतो. रेंज गेली की शेवटचा ठिपका तिथंच चिकटून राहतो आणि माणूस पुढं गेलेला असतो. बहुतेक वेळा एवढंच असतं.

पण नुसत्या ठिपक्यावर विसंबूही नका. आम्ही निघताना एक कागद किनाऱ्यावर लॉजच्या मालकांकडे ठेवतो: किती माणसं, कुठल्या रंगाच्या होड्या, कुठून कुठं, किती वाजता परत. ठरल्या वेळेला आलो नाही तर ते आधी बंदरावर विचारतात आणि मग तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करतात. कागदाची बॅटरी संपत नाही. ती वेळ अजून आलेली नाही. एकदा आम्ही परत आल्याचं सांगायला विसरलो, तेव्हा मालक टॉर्च घेऊन पुळणीवर फिरत होते आणि आम्ही मागच्या दारानं जाऊन जेवत होतो. ते जे बोलले ते इथं लिहीत नाही.

मेव्हणा अमेरिकेहून उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणतोय. आणू दे का?

नको. उपग्रहावर बोलणारी किंवा मेसेज पाठवणारी यंत्रं आपल्याकडे सरकारच्या परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशी पाहुण्यांवर विमानतळावर गुन्हे दाखल झालेत. नुसतं ऐकणारं जीपीएस वेगळं, उलट बोलणारं वेगळं. मेव्हण्याला म्हणावं चॉकलेट आण.

पावसाळ्यात जाता का?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते नारळी पौर्णिमेपर्यंत होडी वर ओढून ठेवतात. आपलं तर पोट सोमवार ते शनिवार ऑफिसात आहे.

किनारा दिसेनासा झाला तर घाबरायचं का?

कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून पाऊण मीटर वर असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज फक्त तीन किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे पुळण लवकरच बुडते. माड नंतर, डोंगर सगळ्यात शेवटी. वाळू दिसेना म्हणून रडणाऱ्याला आम्ही डोंगर दाखवतो.

कंदी पेढे पिशवीत ओले होतील का?

ओले व्हायला उरतात कुठं?

परत येताना गाडीत तरी जीपीएस लावता का?

लावायचो नाही. आण्णांनी आयुष्यभर कुंभार्ली घाट चालवलाय, त्यांना कोण सांगणार? पण मागच्या वेळी हर्णैच्या लिलावात सुरमई घेतली, बर्फ कमी होता, आणि इंजिनियरच्या फोनमधल्या बाईनं चिपळूणच्या अलीकडे एक आतला रस्ता काढला, बारा मिनिटं वाचवणारा. आण्णा, ज्यांनी समुद्रात तिचं काही ऐकलं नाही, ते जमिनीवर म्हणाले, “रस्त्याचं तिला कळतं, वळव.” रस्ता आधी अरुंद झाला, मग लाल झाला, मग त्यावर कोंबड्या आल्या आणि शेवटी तो एका अंगणात तुळशीसमोर संपला. “आपण गंतव्यस्थानी पोचला आहात” एवढं मात्र ती म्हणाली नाही.

घरातून एक आजी बाहेर आल्या. गाडीकडे बघितलं, टपावरच्या दोन लांबलचक होड्यांकडे बघितलं, आणि आण्णांना हातानं दाखवत म्हणाल्या, “वहाळ खाली आहे हो. पण पाणी नाही सध्या.”